काटा खोटा की अंदाज खोटा?

नाशिक जिल्ह्यातून कांदा भरून वाशीच्या बाजारात उतरवायचा आणि परतीला मिळेल तो माल घेऊन रात्री कसारा घाट चढायचा, हा आमच्या घरच्या एकुलत्या एका ट्रकचा ठरलेला रस्ता. गाडी २००८ सालची, सहा सिलिंडरची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तिला नवाच आजार जडला. घाट अर्धा चढून होतो न होतो तोच तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागे. ड्रायव्हर गाडी बाजूला घेई, दिवे बंद करी, उतरून पाही. ना वाफ, ना गळती, ना पाणी उकळल्याचा आवाज. घटकाभराने काटा खाली आलेला असे. गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली की पुन्हा तेच.

पहिल्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवून साफ करायला लावला. गाडी दोन दिवस उभी राहिली. काटा जिथल्या तिथे. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला. "आपल्याकडच्या उन्हात याचे काय काम?" असे तो म्हणाला. आम्हीही मान डोलावली. तिसऱ्याने इंजिनावरचा सेंडर बदलला, आणि त्यानेही काही होत नाही असे पाहून शेवटी डॅशबोर्डवरचे मीटरच नवे बसवले. रात्री काटा चढायचा तो चढतच राहिला. चार खेपा बुडाल्या, सामान आणि मजुरी मिळून अकरा हजारांच्या वर पैसे गेले आणि वर डिझेल जास्त लागू लागले.

अखेर कोणीतरी एका बुजुर्ग वायरमनचे नाव सुचवले. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले. काटा दिवसा चढतो की रात्री? सोबत डिझेलचा काटाही चढतो का? सकाळी थंड इंजिनावर नुसती चावी फिरवली तर काटा कुठे असतो? तेव्हा ड्रायव्हरच्या ध्यानात आले की दिवसा काटा कधी चढलाच नव्हता, आणि रात्री डिझेलही टाकीत असते त्याहून जास्त दिसत होते. खरे तर रात्री हवा थंड असते. तेव्हाच इंजिन जास्त तापावे ही गोष्ट मुळातच संशयास्पद होती. पण तसा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. वायरमनने इंजिन बंद ठेवून चावी फिरवली आणि हेडलाइट लावले. दोन्ही काटे आमच्या डोळ्यांदेखत वर सरकले. मीटरच्या पाट्यामागची अर्थची वायर जिथे स्क्रूखाली दाबलेली होती, तिथे गंज धरला होता. त्यांनी ती जागा काचकागदाने घासली, वायरीला नवी रिंग लावली आणि स्क्रू घट्ट पिळला. काम एवढेच. नवे मीटरही जुन्याच गंजलेल्या स्क्रूवर बसवले गेले होते, मग फरक पडणार कसा?

पैसे विचारले तेव्हा ते म्हणाले, "सामान काही लागले नाही, तुमच्याकडून काय घेऊ?"

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले आहे. ज्यांना रोग समजला नाही त्यांना आम्ही हजारो रुपये मोजले, कारण त्यांनी काहीतरी सामान बसवले. ज्यांनी रोग शोधला त्यांना पैसे मागायचा संकोच वाटला, कारण त्यांनी काहीच बसवले नाही. आमच्या मते आपल्या मोटारधंद्यातील नुकसानीचे मूळ इथेच आहे.

काटा हलतो कसा?

ज्यांचा चरितार्थ जुन्या ट्रकवर आहे त्यांनी हे एवढे यंत्र तरी समजून घेतले पाहिजे. ते अवघड मुळीच नाही.

जुन्या गाड्यांत तापमानाची मीटरे दोन तऱ्हेची आढळतात. एक नळीचे. इंजिनात बसवलेल्या बल्बपासून मीटरपर्यंत एक बारीक धातूची नळी जाते. बल्बमधले द्रव्य तापले की दाब वाढतो आणि त्या दाबाने काटा हलतो. त्याला बॅटरीशी देणेघेणे नाही. नळी चेपली किंवा तुटली की मीटर निकामी. तिला रस्त्यावर जोड देता येत नाही. दुसरे विजेचे, आणि बहुतेक गाड्यांत हेच असते. इंजिनाच्या पाण्यात बुडेल असा एक सेंडर आट्यांनी बसवलेला असतो. बाजारात याला कोणी सेन्सर म्हणतात, कोणी टेंपरेचर युनिट. तो थंड असतो तेव्हा विजेला जास्त अडवतो आणि तापेल तसतसा कमी अडवतो. मीटरमधून आलेली वीज वायरीने सेंडरमध्ये शिरते, त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत जाते आणि इंजिनावरून अर्थच्या पट्टीने बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत येते. किती वीज गेली त्यावर काटा किती वर चढायचा हे ठरते.

म्हणजे काटा इंजिनाचे तापमान थेट पाहत नाही. त्याच्यापर्यंत खबर पोहोचायला सेंडर, आटे, वायर, अर्थ आणि मीटर एवढे दुवे आहेत. कोणताही दुवा बिघडला तरी काटा चुकीचे सांगणारच. सेंडरची वायर तुटली की काटा थंडावर जाऊन पडतो. तीच वायर कुठे खरचटून चासीला टेकली की काटा पार लालवर जातो. आट्यांवर पांढरी टेप भरमसाठ गुंडाळली किंवा इंजिनाची अर्थपट्टी गंजली, तर विजेला जास्त अडथळा होतो आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. मीटरच्या पाट्याचाच अर्थ सुटला तर काटा कोणत्या बाजूला फसवेल हे मीटरच्या बनावटीवर अवलंबून असते. आमच्या गाडीत तो वर चढत होता. मात्र अशा वेळी एकटा तापमानाचा काटा बिघडत नाही, डिझेलचा काटाही त्याच्याबरोबर वेडावाकडा वागतो. दोन काटे एकदम बिघडले की इंजिनाला हात लावण्याआधी अर्थ पाहावा. ही खूण मालकाने, ड्रायव्हरने आणि क्लीनरनेही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खाली आलेला काटा

वर चढलेल्या काट्याची सगळ्यांना भीती वाटते. आमच्या मते खाली आलेल्या काट्याला जास्त भ्यावे.

आमच्या शेजारच्या एका ट्रकमालकाची हकिकत सांगतो. त्यांची गाडी पुण्याच्या रस्त्याला चंदनापुरी घाटात होती. रेडिएटरचा खालचा पाइप फुटला. काटा आधी वर गेला आणि मग हळूहळू खाली आला. ड्रायव्हरला वाटले, गाडी थंड झाली. त्याने देवाचे आभार मानले आणि गाडी पुढे हाकली. काही किलोमीटरवर इंजिन जाम झाले. हेड, पिस्टन, लाइनर सगळेच गेले.

झाले होते असे की सगळे पाणी वाहून गेले होते. सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचे तापमान सांगू शकतो. पाणी उतरले आणि तो हवेत उघडा पडला की त्याला इंजिनाची खरी उष्णता लागत नाही, मग काटा खाली येतो. इंजिन जळत असते आणि काटा सर्व ठीक असल्याचे सांगत असतो. चढावर जोर लागत असताना काटा एकाएकी खाली आला, तर तो आराम पडल्याचा नव्हे, पाणी संपल्याचा इशारा समजावा. गाडी लगेच बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि खाली वाकून गळती पाहावी. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कदापि उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापलेले असते, झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते. या एका चुकीने किती चेहरे आणि हात भाजले आहेत हे गॅरेजवाल्यांना सांगायला नको.

त्या मालकांनी इंजिनाच्या खर्चापोटी ड्रायव्हरच्या पगारातून महिन्यामहिन्याला पैसे कापले. विम्याकडून काही मिळाले नाही, कारण मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड धरलेला नसतो. मालकांचे नुकसान मोठे होते, हे आम्ही नाकारत नाही. पण ड्रायव्हरने काटा पाहिला होता आणि काट्यानेच त्याला फसवले होते. खाली आलेल्या काट्याचा अर्थ त्याला कधी कोणी शिकवला होता काय? जे शिकवलेच नाही त्याचा दंड गरिबाच्या पगारातून वसूल करणे हा न्याय नव्हे. अशा मालकांना आम्ही एवढेच सांगू की पगार कापण्याआधी आपले मीटर, आपले पाइप आणि आपले झाकण शेवटचे कधी तपासले होते ते आठवावे.

अर्ध्या तासाची तपासणी

मिस्त्री मंडळी म्हणतील की हे सगळे बोलायला सोपे आहे. करायलाही ते अवघड नाही. एक साधा थर्मामीटर, एक टेस्ट लॅम्प आणि एक मल्टिमीटर एवढ्या हत्यारांत हे काम होते. क्रम मात्र सोडू नये.

पहिली गोष्ट सकाळची. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये. काटा थंडावरच असला पाहिजे. थंड इंजिनावर तो मध्यावर किंवा वर असेल तर मीटर, वायर किंवा सेंडर खोटे बोलत आहे. रेडिएटरला हात लावायचे कारण नाही. मग हेडलाइट, वायपर एकेक करून लावावेत. त्यामुळे काटा हलला तर दोष अर्थचा.

दुसरी गोष्ट, खरे तापमान मोजणे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाणी पुरते आहे का ते पाहावे, तोंडात थर्मामीटर धरावा आणि इंजिन सुरू करावे. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत वरचा पाइप थंडच राहतो. तो उघडला की वरचा पाइप हाताला गरम लागू लागतो. जुन्या डिझेल इंजिनांत हे साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान घडते, नेमका आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. त्या वेळी काटा कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवावे. थर्मामीटर ८० सांगतो आणि काटा लालवर आहे, तर काटा खोटा. थर्मामीटर ९५ च्या पुढे चालला आहे आणि काटा मध्यावर आहे, तरी काटा खोटा, आणि हा खोटेपणा जास्त महागाचा. पाणी ९० च्या पुढे जाऊ लागले की इंजिन बंद करून बाजूला व्हावे.

आजकाल लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन बऱ्याच गॅरेजमध्ये दिसते. ती उपयोगाची आहे. पण चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा देते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर रोखावी. आणि ती बाहेरच्या धातूचे तापमान सांगते, आतले पाणी त्याहून काही अंश जास्त असते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट वायरीची. चावी सुरू ठेवून सेंडरची वायर काढावी. काटा थंडावर आला पाहिजे. मग तीच वायर टेस्ट लॅम्पमधून इंजिनाच्या स्वच्छ धातूला क्षणभर लावावी. काटा वर चढला पाहिजे. दोन्ही बरोबर झाले तर मीटर आणि वायर जिवंत आहेत असे समजून सेंडरकडे वळावे. काटा हललाच नाही तर वायर किंवा मीटर पाहावे. लॅम्पशिवाय वायर थेट धातूला धरून ठेवू नये, काही मीटरे तेवढ्याने जळतात. नळीच्या मीटरला ही परीक्षा लागू नाही, हे सांगायला नको.

चौथी गोष्ट अर्थची. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर मारावा. मीटरवर साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थपट्टी खराब आहे. ती सोडवून दोन्ही टोके घासून पुन्हा बसवावी. मीटरच्या पाट्याचा अर्थही असाच, पण स्टार्टरऐवजी दिवे लावून पाहावा. तिथे आकडा जवळजवळ शून्य असावा.

पाचवी गोष्ट सेंडरची. तो काढून, दोरीने बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवत न्यावे. मल्टिमीटरवर त्याचा अडथळा तापमानाबरोबर एकसारखा घटत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा तो अडकून राहिला तर सेंडर गेला. थर्मोस्टॅटही त्याच पातेल्यात तपासून घ्यावा. नळीच्या मीटरचा बल्ब आणि काटाही असाच पारखता येतो. येथे एक बारकावा आहे. पाणी सगळीकडे शंभरावर उकळत नाही. समुद्रसपाटीला ते शंभरावर उकळते, नाशिक-पुण्याच्या उंचीवर ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला ९५-९६ वर. म्हणून उकळीचा फुगा पाहून शंभर धरू नये, थर्मामीटर पाहावा. घाटमाथ्यावर झाकण ढिले असलेली गाडी लवकर का उकळते, याचेही कारण यातच आहे. सात पौंड दाब धरणारे चांगले झाकण पाण्याची उकळी ११० अंशांच्या आसपास नेऊन ठेवते. झाकणाचे रबर गेले की ही सवलत गेली.

एवढे सगळे झाले आणि काटा खराच निघाला, म्हणजे पाणी खरोखरच तापत आहे असे दिसले, तर मग फॅनचा पट्टा, रेडिएटरच्या जाळीत भरलेला चिखल आणि भुसा, बोअरच्या जड पाण्याने आत धरलेला क्षार, वॉटर पंप आणि शेवटी हेड गॅसकेट, अशा क्रमाने जावे. आम्ही उलट्या क्रमाने गेलो आणि त्याची किंमत मोजली.

आटे बसले म्हणजे जुळले नाही

सुट्या भागांच्या दुकानदारांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुना सेंडर काउंटरवर ठेवला की दुकानदार त्याच आट्यांचा दुसरा काढून देतो. "बसतो ना? मग झाले." पण सेंडर बसणे वेगळे आणि मीटरशी जुळणे वेगळे. कोणत्या तापमानाला किती अडथळा, याचा हिशेब प्रत्येक बनावटीत निराळा असतो. बहुतेक जड ट्रक २४ व्होल्टचे, हलक्या गाड्या बहुधा १२ व्होल्टच्या. एका बनावटीचा सेंडर दुसऱ्या मीटरला लावला तर काटा रोज ठराविक चूक करील, आणि ती चूक पुढे ड्रायव्हरच्या अंगवळणी पडेल. "आमच्या गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो" असे सांगणारे ड्रायव्हर आम्हाला जागोजागी भेटतात. ज्या दिवशी तो खरोखरच जास्त दाखवील, त्या दिवशी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? सेंडर घ्यायचा तर गाडीच्या पार्ट नंबरवर घ्यावा, आणि मीटर बदलायचे तर सेंडरसह जोडीने बदलावे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चालही आता बंद झाली पाहिजे. तो काढला की इंजिनाला गरम व्हायला वेळ लागतो आणि हलक्या कामावर ते थंडच चालत राहते. डिझेल जास्त जाते, धूर वाढतो, ऑइल खराब होते, लाइनर लवकर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करीत असतो. तिथे तो काढला तर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच फिरते आणि ऐन चढावर गाडी जास्तच तापते. आणि अशा गाडीचा काटा खाली राहिला तर मालक म्हणतो, मीटर बिघडले. मीटर बिचारे खरे बोलत असते; इंजिन थंडच चाललेले असते.

तपासणीची मजुरी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी आपल्या गॅरेजांत होत का नाही? मिस्त्रींना येत नाही म्हणून नव्हे. इंजिन उघडून पुन्हा बसवणारे हात चार वायरी तपासू शकणार नाहीत, हे आम्हाला पटत नाही. ती होत नाही, कारण तिचे पैसे कोणी देत नाही. गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, बसवण्याची मजुरी देते. शोधण्याची मजुरी मागितली तर कपाळाला आठ्या घालते. "नुसते पाहायचे कसले पैसे?" मग मिस्त्री तरी काय करणार? त्यालाही घरदार आहे. तो अंदाजाने एक भाग बदलतो, तो चुकला की दुसरा बदलतो. यात दर वेळी बेइमानी असते असे नाही. आपणच असा व्यवहार उभा केला आहे, ज्यात चुकीचा भाग बसवणाऱ्याला पैसे मिळतात आणि बरोबर निदान करणारा उपाशी राहतो.

डॉक्टरकडे गेल्यावर आपण तपासण्याची फी देतो. डॉक्टरने गोळी दिली नाही तरी देतो. गाडीच्या बाबतीत मात्र गोळी पदरात पडल्याशिवाय हात खिशात जात नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गॅरेजने तपासणीची ठराविक मजुरी भिंतीवर लिहून लावावी. तिच्या बदल्यात गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी द्यावी: थंड इंजिनावर काटा कुठे, थर्मामीटर किती, वायर काढल्यावर काटा कुठे, अर्थवर किती व्होल्ट, सेंडर बरा की वाईट. पुढचे काम गिऱ्हाइकाने तिथेच करावे किंवा दुसरीकडे न्यावे, मजुरी वसूल झालेली असेल. मालकांनीही ती हसतमुखाने द्यावी आणि चिठ्ठी गाडीच्या कागदांत जपून ठेवावी. पुढच्या वेळी तीच कामाला येते.

मिस्त्री म्हणतील, आम्ही फी लावली तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजला जाईल. सुरुवातीला काही जातील, हे खरे. पण ज्याची गाडी एकदा न उघडता दोनशे-चारशे रुपयांत बरी झाली तो माणूस दहा जणांना सांगतो. आम्हीच त्या बुजुर्ग वायरमनचे नाव आजवर कितीजणांना सांगितले त्याचा हिशेब नाही. आणि हो, त्यांनी मागितले नाहीत तरी त्या दिवशी आम्ही त्यांना पैसे दिले. ते उपकाराचे नव्हते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या जाणतेपणाची ती मजुरी होती.

आपल्या समाजातील कितीतरी मुले गॅरेज, वायरिंग, रेडिएटर आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहेत. उस्तादाच्या हाताखाली राहून ती पाना धरायला शिकतात, आणि तो हात खरोखरच तयार होतो. त्या हाताला मोजण्याची सवय जोडली गेली पाहिजे. आयटीआयत मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलाने तिथे काढलेला काळ वाया जाणार नाही. ज्याला ते जमत नाही त्याने निदान मल्टिमीटर विकत घ्यावा आणि रोज एक अर्थ मोजून पाहावा. उस्तादांनीही शागिर्दाला "बदलून बघ" म्हणण्याआधी "मोजून बघ" म्हणायला सुरुवात करावी.

जुन्या गाड्यांच्या मालकांवर आधीच ओझे कमी नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील व्यापारी वाहनांच्या फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढली. नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक स्वतः तापमान पाहतो आणि धोका दिसताच ताकद कमी करतो. जुन्या ट्रकला असा राखणदार नाही. तिथे एक सेंडर, एक वायर, एक काटा आणि त्याच्याकडे पाहणारा एक ड्रायव्हर, एवढाच पहारा आहे. ज्याचे सारे घर एका गाडीवर चालते त्याचे इंजिन गेले तर हप्ते थकतात, मुलांची फी थकते, आणि पुष्कळदा गाडीच हातची जाते.

काट्याला आंधळेपणाने मानू नये, तसे त्याला तपासल्यावाचून खोटाही ठरवू नये. तो लालवर गेला की गाडी थांबवावी, ही आज्ञा पाळावीच. खरे-खोटे ठरवायचे ते नंतर, गॅरेजमध्ये, थर्मामीटर हातात घेऊन. आणि ज्याने ते ठरवून दिले त्याची मजुरी, सामान लागो वा न लागो, त्याच्या हातावर ठेवावी.